शेळीनं चित्र खाल्लं ते दोन लाख लोकांनी बघितलं, चित्र कुणी बघेना

सेलूची_बाई

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केलीय, एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे चित्रकला, कार्यानुभव, गॅदरिंगचं स्टेज, फळ्यावरचे सुविचार आणि पाहुणे आले की रांगोळी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा जवळ आल्या की पोरांचे जादा तास. यातून जो वेळ उरतो तो माझा.

त्या वेळात चार वर्षं एकच विषय धरून बसलेय, कापूस वेचणाऱ्या बाया. डोक्यावरचं फडकं, कमरेला बांधलेली ओटी आणि नखाकडेला चिरलेली बोटं. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी लागतात, ज्यानं वेचलाय त्याला सांगायला नको. दिवाळीनंतर आमच्याकडं जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथं उभी राहून स्केच करते आणि घरी येऊन अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवते. एका चित्राला नऊ-दहा दिवस जातात. इन्स्टावर टाकलं की एकतीस लाइक. त्यातले अकरा घरचे.

जानेवारीत काय झालं, एक मोठं चित्र ओट्यावर वाळत घातलं होतं आणि मोबाईल घागरीला टेकवून टाइमलॅप्स लावला होता. मी चहा ठेवायला आत गेले. शेजारच्या मावशींची शेळी आली. तीनशे जीएसएमचा जाड कागद, बाजरीच्या कडब्यापेक्षा मऊ लागला असावा. उजवा कोपरा, त्यातली एक बाई अर्धी आणि तिचं गाठोडं सगळं खाऊन गेली. रागारागात तोच व्हिडिओ टाकला. दोन लाख तीस हजार लोकांनी बघितला! चारशे बारा फॉलोअर होते, ते छत्तीसशे झाले.

आता रोज मेसेज येतात, "शेळी कशी आहे?" चित्र कसंय हे एकानंही विचारलं नाही. विक्री शून्य. मिस्टर म्हणतात, रंग आणण्यापेक्षा शेळीच आणू.

हसण्यावारी नेऊ नका, माझी खरंच पंचाईत झालीय. हे नवे बत्तीसशे लोक कशासाठी आलेत ते मला माहीत आहे, आणि ते मी देऊ शकत नाही. बायोमध्ये मी "आर्टिस्ट, ड्रीमर, चहाप्रेमी" असं लिहिलंय. कुणाचं तरी बघून लिहिलं होतं, आता वाचलं की माझी मलाच लाज वाटते. जो तो सांगतो की चेहरा दाखवा, स्वतःची गोष्ट सांगा. अहो, माझ्या पेजवर पालक आहेत, सासरचे आहेत, शाळेचे संस्थाचालकही आहेत. एकदा चेहऱ्यासकट रील टाकलं तर रात्री अकराला "हाय डिअर" सुरू झालं. आणि गोष्ट काय सांगू? लहानपणी शेणानं सारवलेल्या भिंतीवर कोळशानं काढायचे, हे तर सगळेच चित्रकार सांगतात.

एक राग वेगळाच आहे. गेल्या पोळ्याला मी टाकलेलं बैलाचं चित्र इथल्याच एका चौकात बॅनरवर दिसलं. "पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा." एका भावी नेत्याचं तोंड बैलापेक्षा मोठं, आणि माझी सही होती तो कोपरा कापून तिथं कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग. शाळेतली पोरं मला बोट करून दाखवायली, "बाई, तुमचा बैल!" मी नुसती मान हलवली.

तर स्वतःला कसं मांडावं? कलाकारानं हे करावं की नाही यावर प्रवचन नको. करायचं ठरलंय, कसं तेवढं सांगा.

एमएच२१_क्रिएटर

ताई, लोकांना शेळी आवडली ना, मग शेळीच द्या! रोज एक रील, पहिल्या तीन सेकंदात धमाका, गाणं ट्रेंडिंगवालं. मी तीन महिन्यांत दहा हजार फॉलोअर केले. लोक आले की चित्रं आपोआप विकतात.

सेलूची_बाई

दादा, तुमचं पेज बघितलं, मोबाइल रिपेअरिंगचं आहे. छान चाललंय. तुम्हाला रोज एक फुटलेला डिस्प्ले मिळतो. मला रोज एक चित्र मिळत नाही, आणि रोज एक खाऊ घालणं तर परवडायचंच नाही. छत्तीसशे झाले, आपोआप काही झालं नाही, म्हणून तर विचारायलेय.

बोर्डवाले_काका_लातूर

बाई, नमस्कार. तुमचं वाचून लई हसलो आणि मग गप बसलो, कारण हे माझ्यावर होऊन गेलंय.

मी पेंटर. १९८४ पासून बोर्ड रंगवायलो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातला एकही रस्ता असा नव्हता की जिथं माझ्या हातचा बोर्ड नाही. कापड दुकान, भांड्याचं दुकान, आडत, दवाखाना. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं नवी गावं बसली, तिथल्या शाळांचे बोर्डही केले. निवडणुकीच्या भिंती केल्या, गेरू आणि निळीनं हात महिनाभर निघायचे नाहीत. मग फ्लेक्स आलं. जे काम मला दोन दिवस लागायचं ते मशीन चहा पिऊन होस्तोर काढायचं. सात-आठ वर्षं मी घरांना रंग मारायची कामं केली. ते सोडा.

तुमच्या प्रश्नावर येतो. बोर्डाचा नियम असा की वाचणारा सायकलवर असतो. तो थांबत नाही. त्याला जाता जाता कळलं पाहिजे की दुकान कुणाचं, इथं मिळतं काय आणि आत यायचं कुठून. "स्वप्नांचे सौदागर" असं कुणी कापड दुकानावर लिहून घेत नव्हतं, घेतलं असतं तर गिऱ्हाईक पुढं गेलं असतं. तुमचं ते ड्रीमर पुसून टाका. चहा तर सगळेच पितात. लिहा, "सेलू, जि. परभणी. कापूस वेचणाऱ्या बायांची चित्रं काढते. मूळ चित्रं विकत मिळतील, मेसेज करा." बायोत दीडशे अक्षरं बसतात, हे आरामात बसतंय.

"विकत मिळतील" हे शब्द गाळू नका. नातीनं मला पेज काढून दिलं. मी ब्रशनं अक्षर काढतो, ती मोबाईल धरते. ळ, क्ष, ज्ञ. शिरोरेषा शेवटाला ठेवतो, ती एका दमात ओढली की माणसं बघत राहतात. आठ महिने नुसतं वाहवा, वाहवा. एक ऑर्डर नाही. मग औशाचा एक माणूस लग्नात भेटला, म्हणाला काका, तुमचे व्हिडिओ रोज बघतो, रिटायर झाल्यावर चांगला छंद लावून घेतलाय. छंद! मी घरी येऊन त्याच रात्री लिहिलं, "दारावरच्या पाट्या करून मिळतील, सागवानी फळीवर, इनॅमल रंगात." भाव लिहिला. त्या महिन्यात चार पाट्या गेल्या. त्यातली एक त्या औशाच्याच माणसाची. तो आठ महिने बघत होता हो, पण विकत मिळतंय हे त्याला सांगितलं कुणी होतं?

मी तुमच्या चित्रांखालचं वाचलं. "निःशब्द वेदना", "मातीचं गाणं", असलं लिहिता. चित्र केवढं आहे, कशावर आहे, कशानं केलंय, शिल्लक आहे का गेलं, यातलं काही नाही. मोबाईलमधी पोस्टकार्डाएवढं चित्र आणि दाराएवढं चित्र सारखंच दिसतं. एखाद्या चित्राशेजारी तुम्ही उभ्या राहा, पाठमोऱ्या राहिला तरी चालतं, म्हणजे माप कळेल. चेहऱ्याचं म्हणाल तर माझं तोंड बघायला कुणी येत नाही. हात दाखवा आणि आवाज द्या. एका बाईच्या फडक्याला तो पिवळा का लावला, एवढं वर्गात सांगता तसं सांगा. ते लहानपणाच्या कोळशापेक्षा बरं.

आता सही. आमच्यातही मालकाला सही नको असायची. पैसे माझे, भिंत माझी म्हणायचा. आणि आम्हाला पुढचा बोर्ड त्या सहीवरच मिळायचा. मग आम्ही सही कोपऱ्यात टाकायचं सोडून अक्षराच्या शेडमधी घालायचो. पुसायची म्हटलं तर अक्षरच जाईल. तुम्ही बैलाची सही झुलीच्या काठात घाला, नक्षीत नक्षी. कापायला गेला तर बैल लंगडा होतो. सहीखाली गाव लिहा. गाव लिहिलेली सही लोकांच्या ध्यानात राहते.

शेळीचा रील काढू नका. आलेल्या पाहुण्याला हाकलत नसतेत. पण दारात शेळी आणि घरात बाया, असं होऊ देऊ नका. पेजच्या माथ्यावर तीन पोस्ट डकवून ठेवता येतात. तिथं तुमची तीन चांगली चित्रं लावा. शेळीसाठी आलेल्याला आधी ती दिसतील.

शेवटचं, नातीला आवडत नाही तरी सांगतो. माझ्या निम्म्या पाट्या व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरनं गेल्या. तिथं दोनशे माणसं बघतेत, पण ती मला ओळखतेत.

नांदेडकर_सध्या_पुणे

काकांना दंडवत. मी डिझाइनमध्ये नोकरी करते. किमतीबद्दल माझं मत थोडं वेगळं पडतं. पाटीचा भाव लिहिणं ठीक आहे, ते काम मागणीप्रमाणे होतं. चित्राचा भाव प्रत्येक पोस्टखाली लिहिला की लोक चित्र सोडून भावावर बोलतात, "एवढ्यात तर मिक्सर येतो" वगैरे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग करता येतो, तिथं फोटो, माप, भाव टाका आणि त्याची लिंक बायोत द्या. मात्र भाव सगळीकडे एकच ठेवा. मेसेजमध्ये घासाघीस करून एकाला अर्ध्यात दिलं की आधी पूर्ण पैसे मोजलेला माणूस कायमचा गेला.

काल तुमची सगळी चित्रं बघितली. काम दमदार आहे, फोटो वाईट आहेत. ट्यूबलाइटखाली काढता ना? पांढरा कापूस हिरवट दिसतोय, आणि तुमची तर सगळी मदार त्या पांढऱ्यावर. सकाळी ओट्यावर सावलीत, ऊन थेट न पडता, चित्र भिंतीला सरळ टेकवायचं. मोबाईल चित्राच्या बरोबर मध्यावर धरायचा, जवळ न जाता दोन पावलं मागे सरून थोडा झूम. फ्लॅश नाही, फिल्टर तर अजिबात नाही. आणि हो, आता पेजवरचे चौकोन उभे झालेत, २०२५ पासून. तुमच्या जुन्या चौरस फोटोंच्या दोन्ही कडा तिथं कापल्या जातायत. कोणता भाग दिसावा हे हातानं सरकवून ठरवता येतं.

बॅनरचं: कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराचाच, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आपलं नाव लागावं हा हक्क तर कलम ५७ मध्ये वेगळा दिलाय. भांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, गावात राहायचंय. निदान मूळ चित्र आणि बॅनर शेजारी-शेजारी ठेवून एक पोस्ट तरी टाका, शांत भाषेत.

उलट बाजूही लक्षात ठेवा, कारण बऱ्याच जणांना ती माहीत नसते. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून आई-वडिलांचं पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या चित्राचा कॉपीराइट करून घेणाऱ्याकडे जातो, कलम १७. म्हणजे ते चित्र पेजवर टाकण्याआधी विचारायचं. ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घ्या, "चित्राचा फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरेन."

औरंगपुरा_स्केचर

मूळ प्रश्न नाही, पण राहवत नाही. माझं सहा वर्षांचं पेज गेल्या साली गेलं. मेसेज आला की तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत इथे अपील करा. घाबरून लिंक उघडली, पासवर्ड टाकला, संपलं. बऱ्याच चित्रांचे फोटो फक्त तिथंच होते, मूळ चित्रं विकून झालेली.

आम्ही अजिंठ्याच्या बाजूचे, आम्हाला तरी हे कळायला हवं होतं. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून लेण्यांत वर्षानुवर्षं बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला नेऊन क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीत लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळं काढलं, तर त्यातल्याही कितीतरी लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. एकाच घरात सगळं ठेवलं की असं होतं. बाई, प्रत्येक चित्राचा मोठा मूळ फोटो पेनड्राइव्हवर आणि मेलवर ठेवा, इन्स्टा तर लहान करूनच ठेवतं. आणि दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर वेगळा कोडही लागतो ते) आज चालू करा, उद्या नको.

गिऱ्हाईक म्हणून येणारे सगळे गिऱ्हाईक नसतात हेही बघा. "पैसे पाठवलेत, घेण्यासाठी पिन टाका" म्हटलं की फोन ठेवून द्या. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही. प्रवेश फी घेऊन ऑनलाइन प्रदर्शनाचं सर्टिफिकेट देणारे तर शेकड्यानं आहेत. माझ्याकडं सात सर्टिफिकेटं आहेत, एकाही माणसानं चित्र बघितल्याचा पुरावा नाही.

सेलूची_बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये सहामाहीचे पेपर तपासत होते.

काकांनी दिलेला बायो जसाच्या तसा टाकला, "मूळ" शब्द सोडून. सासूबाईंनी विचारलं, मग नक्कल पण विकतीस का? लॉगिनचं केलं. फोटो सगळे पुन्हा काढले, दोन रविवार गेले. खरंच, कापूस पांढरा दिसायला लागला. मला वाटायचं माझ्या रंगातच काही चुकतंय, टायटॅनियम व्हाइट बदलून बघितला होता हो मी!

भाव लिहायला हात धजत नव्हता. आपण पैसे मागितले की लोक काय म्हणतील, हे पोटातून जात नाही. शेवटी ताईंचं ऐकून कॅटलॉग केला, काकांचं ऐकून स्टेटसला लावला. पहिला मेसेज कुणाचा यावा? आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कृषी सेवा केंद्र आहे, त्या दुकानदाराचा. मला दहा वर्षं ओळखतात. "बाई, हे विकता व्हय? मला वाटलं शाळेचं आहे." साडेतीन हजारांचं चित्र घेतलं. बियाण्याच्या पोत्यांच्या वर लावलंय, काउंटरच्या मागं. त्या दिवशी संध्याकाळी तीन बाया दुकानात कीटकनाशक घ्यायला आल्या होत्या, त्या चित्राखाली उभ्या राहून भांडत होत्या की यातली डावीकडची कोण आहे. एक म्हणे, ही आमची जाऊ, फडकं तिचंच आहे. मी आत न जाता बाहेरनंच ऐकलं.

दुसरं एक नाशिकला गेलं. कुरिअरवाला म्हणाला घडी घाला. हार्डवेअरमधून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून आत सरकवलं, दोन्हीकडं टोपणं आणि चिकटपट्टी. चित्र आतल्या बाजूला न ठेवता बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचं, नाहीतर रंगाला सुरकुत्या येतात, हे एका जुन्या सरांनी सांगितलं. पोस्टानं पाठवलं, नीट पोचलं.

बॅनरचं मी भांडले नाही. फ्लेक्सच्या दुकानात जाऊन नुसतं विचारलं. तो पोरगा म्हणाला, "गुगलवरनं घेतलं ताई, तुमचं आहे होय?" चेहराच पडला त्याचा. इंटरमिजिएटला माझ्याकडंच होता, बी ग्रेड. पुढल्या पोळ्याला विचारून घेईन म्हणालाय. नवीन बैलाची सही मी झुलीत घातलीय काका, खाली बारीक "सेलू". मिस्टरांना शोधायला सांगितली, त्यांना पाच मिनिटं लागली.

पाच-सहाशे फॉलोअर कमी झाले. शेळीवाले असतील.

आणि काका, एक नवीनच निघालंय. शेजारच्या मावशींना कुणीतरी सांगितलं की रील चाललं की कंपनी पैसे देते. परवापासून त्या रोज सकाळी ओट्याशी येऊन विचारायल्यात, "बाई, माझ्या शेळीचे किती आले?" काही आलं नाही म्हटलं तर पटत नाही. त्यांच्या शेळीनं माझं चित्र खाल्लं, त्याचा हिशोब मी अजून काढलेला नाही.